कॅन्टीनची सुपरवायझर

बायकोने मला आमच्याच कॅन्टीनमधून बाहेर काढलं होतं, ते तुम्हाला सांगितलं का कधी?

महाड एमआयडीसीतल्या एका कंपनीचं कॅन्टीन आम्ही चालवतो. कंपनीने सांगितलं, अन्नसुरक्षेचं ट्रेनिंग घेऊन सर्टिफिकेट मिळवलेला एक सुपरवायझर तरी तिथे हवाच. मला सवड नव्हती, म्हणून बायकोला, सुनंदाला पाठवलं. ती पास होऊन आली.

थोड्याच दिवसांत मला ताप भरला, पोटही बिघडलं. तरी गोळी घेऊन मी भाजी चिरायला बसलो, कारण दुपारी पाळीची माणसं जेवायला येणार होती. सुनंदाने माझ्या हातातली सुरी काढून घेतली.

"अवो, आजारी माणसाने जेवणाला हात लावायचा नाय. बाहेर व्हा."

"कॅन्टीन माझं हाय ना गो?"

"हाय ना. पण कुणाला काय झालं तर जाब मला द्यायचा हाय."

मी तणतणत डॉक्टरकडे गेलो. संध्याकाळी रक्ताचा रिपोर्ट आला, टायफॉइड. डॉक्टर म्हणाले, "अशात स्वयंपाक केला असतात, तर जेवणाऱ्यांनाही झाला असता."

कुडपण, तुडीलसारख्या गावांतून पाळीला येणारी पोरं माझ्या डोळ्यांसमोर आली. घरच्यासारखी जेवतात आमच्याकडे. मी तसाच कॅन्टीनवर गेलो आणि लग्नानंतर पहिल्यांदाच बायकोला थँक्यू म्हणालो.

आमटी ढवळता ढवळता तिने वर पाहिलं.

"बरं. पण तिथूनच म्हणा, आत नका येऊ."