दवाखान्यातलं ऊन

यवतमाळला दवाखान्यात तपासणीसाठी रक्त द्यायच्या रांगेत होतो. मागच्या बाकावर दारव्ह्याकडच्या तांड्यावरचे नवरा-बायको. त्यानं काळा चष्मा लावलेला.

“आता पुन्हा रक्त कायले? हिपॅटायटीस सी निघाला ना, मंग गोळ्या द्या म्हणा.”

“गोळ्या सुरू करायच्या आधी हिपॅटायटीस बी आहे का पाहा लागते. सिस्टरनं सांगतलं ना.”

“सी, बी. उद्या डी काढतीन.”

“दोन्ही असले, तं गोळ्यानं सी मरते अन् झोपलेला बी उठते. मंग लिव्हरच खाते म्हणे. शामभाऊजीचं तसंच झालं.”

“शामले नजर लागली.”

“नजर कायची? बी तपासलाच नाही त्याईनं. सी कमी झाला म्हणून तांड्यात बकरं कापलं, अन् पंधरा दिवसात डोळे हळदीवानी झाले. अर्ध्या गोळ्या उरल्या, माणूस गेला.”

“गोळ्या चांगल्या होत्या. मोठ्या डॉक्टरच्या होत्या.”

“शामभाऊजीची बायको संगीता म्हणे, त्यायचा उरलेल्या गोळ्याचा डबा रिकामा झाला. मी म्हटलं, पोट्ट्यायनं फेकल्या असतीन.”

“असतीन.”

“माह्याकडं पाहा. तुमी खाल्ल्या?”

“सख्ख्या भावाच्या होत्या. दोघाले रोग एकच. वाया कायले घालवाच्या?”

“कवापासून?”

“तीजेचा सण झाला तवापासून.”

“अन् मले सांगतलं नाही?”

“बरा झाल्यावर सांगणार होतो.”

“चष्मा काढा.”

“राहू दे. ऊन लागते.”

“इथं कुठी आलं ऊन?”