खडे वेचलेली जागा

अहो, माझ्या नवसाची गंमत ऐका. बाळ मोठ्या दुखण्यातून उठावं, म्हणून औदुंबराला रोज एकशे आठ प्रदक्षिणा बोलले होते. पण तेवढा वेळ रांगतं पोर ठेवायचं कुठे? पोलादपूरच्या आमच्या परसात त्याच झाडाभोवती कारवीच्या काठ्यांचं कुंपण घातलं, खडा न् खडा वेचला, नदीची चाळलेली वाळू पसरली. पोर आत, मी बाहेरून फिरतेय.

पहिल्याच दिवशी शेजारच्या हमीदाचाची ओरडल्या, "अगो, पोराच्या तोंडात काय हाय?"

बोट घालून काढला, तर खडा! फेऱ्या मोजायला मीच दर फेरीला एक खडा कुंपणावरून बुंध्याशी टाकत होते. उरलेले त्यानं वाळूत पुरलेले.

"आता किती झाल्या, कसं कळणार? नवस त्याच्यासाठीच, आणि त्यातच चूक!" मी रडकुंडीला आले.

"पहिल्यापासून फिर. मी तसबीवर मोजते." जपाची माळ घेऊन चाची बाळाजवळ आत बसल्या. "मणी नव्याण्णव हायत. वरचे नऊ बोटांवर."

नव्याण्णव सुरळीत झाल्या. मग मी आपली फिरतेय, फिरतेय.

"चाची, किती राहिल्या?"

"मोजू कशी गो? बोटं तुझ्या पोराच्या तोंडात हायत! दोन जास्त फिर. देव काय परत धाडायचा नाय."