जागते शेजारी

कुबावच्या थांब्यावर, जीपनी या शेअर गाडीच्या रांगेत, लूर्देस मुलासाठी पेजेचा डबा घेऊन उभी होती. तिच्या मागे दोघं बोलत होते, आणि त्यातला एक रडायचाच काय तो बाकी होता.

"आपला फोनवरचा 'जागते शेजारी' गट बंद केला रे कंपनीनं, नेस्टर. हजारो माणसं उघड्यावर पडली."

"कारण कळवलंय की, बोयेत. तू फोटो टाकलास तो पोरगा चोर नव्हता."

"मग काढला ना फोटो, तिसऱ्या दिवशी."

"लोकांनी पहिल्याच दिवशी झोडपला त्याला."

"मी झोडपा म्हटलं होतं? मी नुसतं लिहिलं, लक्ष असू द्या. आणि तो संध्याकाळी कुठं उभा असतो ते लिहिलं, लोकांच्या सोयीसाठी."

"निदान माफी मागायचीस."

"कुणाची? नाव कुठं ठाऊक होतं? नाव ठाऊक असतं तर फोटो कशाला टाकला असता?"

"मग आता?"

"नवा गट काढलाय. 'रोझरी प्रार्थना मंडळ'. देवाच्या नावाला कोण हात लावतंय? मावशी, तुम्हीपण या की आमच्यात. डब्यात काय, पेज?"

"मुलासाठी. जबडा मोडलाय, तारांनी बांधलाय."

"अरेरे. त्यालाही घेऊ गटात. पडल्या पडल्या तेवढीच करमणूक."

"तुमच्या जुन्या गटात होता तो."

"काय सांगता. मग मी ओळखतच असेन."

लूर्देसनं डबा या हातातून त्या हातात घेतला.

"चेहरा ओळखता तुम्ही. नाव रेनान्ते आहे."