कार्बनची चाकं आणि झरीचा रस्ता

त्या कार्बनच्या चाकांचं मला विचारूच नका. माझा दोस्त सुनील, त्यानं माझ्या सायकलसाठी आठ दिवस दिली होती, आवडली तर विकत घे म्हणून. माझी शाळा झरीला. एक दिवस परभणीहून जुन्या चाकांवर जायचं, दुसऱ्या दिवशी त्याच्या चाकांवर, अन् कोणती लवकर पोचवतात ते घड्याळात बघायचं. एवढंच काम होतं.

पहिल्या दिवशी जुनी चाकं होती. निम्म्या वाटेत मारोतराव भेटले. त्यांची पोरगी माझ्या वर्गात हाय. शहरात दूध घालून गावाकडं निघाले होते. मोटारसायकल शेजारी आणून म्हणले, "सर, तुमची गाडी बिघडली का?"

"न्हाई, चाकं तपासायलोय."

"तपासा की," म्हणले अन् माझ्या पाठीवर हात ठेवून पार शाळेच्या फाटकापर्यंत ढकलत नेलं. मी नको नको म्हणायलोय, तर म्हणले, "सर, आपल्या माणसापुढं कशाची लाज?"

त्या दिवशीची वेळ इतकी कमी आली, की घड्याळ बघून मला स्वतःलाच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी कार्बनची चाकं लावली अन् ते भेटू नयेत म्हणून अर्धा तास आधी दार उघडलं. मारोतराव दारातच उभे.

"बसा सर. गाडी नीट होईस्तोवर मी हाय."

आज दहावा दिवस. सुनील फोन करून विचारायलाय, कोणती चाकं जास्त पळतात. त्याची चाकं लावलेली सायकल घरी भिंतीला टेकून हाय, अन् मी मारोतरावांच्या मागं बसून दुधाचा रिकामा कॅन मांडीवर घेऊन शाळेत जायलोय.