नानकटाईतल्या मनुका

डबे नेमके कुणाच्या हातून बदलले हे मी पाहिलेलं नाही, त्यामुळे बेकरीवाल्यांवर मी आजही ठाम आरोप करणार नाही. पण पुढचं ऐका!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझी थोरली नणंद अमेरिकेहून पहिल्यांदाच नाशिकला येत होती. मी फोनवर मोठ्या ऐटीत सांगून बसले होते, "वन्सं, तुमच्या त्या चॉकलेट चिप कुकीज मी इथे करून दाखवते." घरी ओव्हन नव्हता. मग चॉकलेटची वडी सुरीने बारीक चिरली, पिठात मिसळली आणि नानकटाईसाठी नेतो तसंच ते पीठ गल्लीतल्या बेकरीच्या भट्टीत दिलं.

दुपारी वन्संसमोर डबा उघडला, तर आत साधी नानकटाई!

"अगं वहिनी, हिच्यासाठीच तर जीव टाकत होते मी तिकडे!" म्हणत त्यांनी दोन्ही हातांत एकेक उचलली. माझं मात्र समाधान होईना. तडक बेकरी गाठली.

"माझ्या कुकीज कुठे आहेत?"

"म्हणजे त्या तुमच्या होत्या?" बेकरीवाले दचकले. "मघाशी एक बाई डबा उघडून विचारत होत्या, नानकटाईत हे काळं काय? मी म्हटलं, मनुका असतील. नाशकात दुसरं काय असणार?"

"आणि त्यांना पटलं?"

"छे! म्हणाल्या, मी मनुका घातल्याच नव्हत्या. मग एक खाऊन पाहिली, डबा घट्ट लावला आणि घाईघाईने निघून गेल्या."

त्या बाई कोण, आणि तसल्या मनुका त्यांनी पुढे कुठेकुठे शोधल्या, हे मला अजूनही कळलेलं नाही.