तांबडीचं मऊ अंडं

...आणि हातात घेतलं तर काय सांगू तुमास्नी, अंडं न्हाय ते, हवा गेलेल्या फुग्यागत कायतर हुतं, दाबलं की दबतंय, सोडलं की फुगतंय, वर टरफलाचा पत्त्या न्हाय, नुसता पापुद्रा... आणि घालणारी कोण, तर आमची तांबडी, जिचं अंडं आजवर फोडायचं म्हटलं तर चमचा वाकायचा. एकदा झालं, म्हटलं असंल उन्हाचा ताप. परत झालं. मग काळीनं घातलं, मग ऱ्हायलेल्या दोघींनी. आता चारी कोंबड्यांस्नी एकाच टायमाला हे कसं काय सुचलं ओ? म्या तवाच वळखलं, ह्यात कुणाचातरी हात हाय.

आता हात कुणाचा, तर पयला संशय सुनंवर. संयोगिता. बाई वाईट न्हाय, पर कोंबड्या अंगण घाण करत्यात म्हणून तिला त्या डोळ्यासमोर नकोत. आणि आमच्या नातवाचं, आदर्शचं, लगीन जमल्यालं राधानगरीकडं, आयतवारी पावणं सुपारी फोडाय येणार. तर हिनं ते मऊ अंडं बघितलं, हात पुसलं, आणि म्हणती कशी, "मामा, आता अंडी न्हाय तर न्हाय. पांढऱ्या रश्श्याला चार कोंबड्या बास हुत्यात." कसं गोड बोलली बघा. भांडली असती तर म्या भ्यालो नसतो. म्हटलं, "आणि आयतवारच्या आत सुधारल्या तर?" तर म्हणती, "तर कोंबडी बाजारातनं आणू की." म्हंजे तांबडीचा जीव टरफलाला टांगला का न्हाय?

मग म्या सुनंवर पाळत ठेवली. खुराड्यापाशी खरकटं टाकाय आली की आधी म्या हुंगायचो. एकदा म्हणाली, "मामा, खाऊनच बघा की." खाल्लं. भात हुता.

मग नातू. त्यो शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला, घरी आला की मोबाईल, जेवताना मोबाईल... त्यातच बघून म्हणतंय, "आबा, कॅल्शियम कमी पडलंय त्यांस्नी. टरफल धरंना झालंय. शिंपल्याचा चुरा घालाय पायजे." शिंपल्याचा? आमच्या कोंबड्यांनी कधी समुद्र बघितलाय काय रं? पंचगंगा तरी बघितल्याय काय? आणि बरं, कमी पडलंय म्हणतोस, तर आजवर कुठनं मिळत हुतं त्यांस्नी? तर हिकडं बोट फिरवलं, तिकडं फिरवलं, मोबाईलला काय उत्तर आलं न्हाय. म्हंजे ठावं कुणालाच न्हाय, आणि कोंबड्या तर आमच्याच. ह्यात कुणाचातरी हात हाय.

तर म्या बुधवारी दुपारी जेवून वाळल्या शेणींच्या ढिगाआड जाऊन बसलो. म्हटलं आता सापडतंय कोण ते. बसलोय, घाम गळतोय, मुंग्या चावत्यात... आणि कुंपणावरनं मुंडकं वर आलं की ओ. कुणाचं? शेजारच्या बाळासोचं.

म्या उठून हुबा. "काय रं, काय टाकतोयस आमच्या कोंबड्यांस्नी?"

"टाकाय कशाला मरतोय? माझा कोंबडा हुडकतोय, तात्या."

आणि तवा माझ्या डोसक्यात पडलं, हेचा कोंबडा. एका डोळ्यानं अधू, शेपटी झडल्याली, बांग द्याला लागला की मधीच खोकतंय. आणि ते रोज आमच्यात. म्हटलं, "बाळासो, तुझ्या त्या मरतुकड्यापायी आमच्या तांबडीची अंडी मऊ झाल्यात."

तर हसाय लागलं. "तात्या, कोंबडा टरफल घालतोय व्हय?"

"मग काय घालतोय?"

"ते तुमास्नी ह्या वयात मी सांगू?"

म्या शेण उचललं तसं मुंडकं खाली गेलं. आता खोटं कशाला बोलू, त्याचं म्हणणं मला पटलं, पर पटलं म्हणून सांगायचं असतंय काय?

परत बसलो. आणि मग दिसलं. तांबडी आली, सोप्याच्या भितीपाशी गेली, मान वाकडी केली आणि टक. चोच घसरली. परत टक. परत घसरली. मग काळी आली, तिचंबी तेच. म्या उठून भितीवर हात फिरवला तर ताटागत गुळगुळीत. आदर्शचं लगीन काढलं तसं त्यानं भितीला कलर मारून घेतलाय, पिस्ता, फडक्यानं पुसला तरी निघत न्हाय म्हणं. त्याच्या आधी काय हुतं? चुना. दरसाल दसऱ्याला चुना, आणि दिवाळी सरली की खालनं पोपडं पडाय सुरू, आणि ह्या चौघी ते येचून खात बसायच्या. म्या धोंडं मारायचो, भित खात्यात म्हणून! आवो, टरफलं तिथनं येत हुती. हात हुता तो नातवाचा, आणि त्यालाच पत्त्या न्हाय.

सांगून कोण ऐकणार? खुरपं घेतलं, भितीला लावल्याल्या माझ्या बाजंमागं वाकलो, आणि कमरंएवढा कलर खरडून काढला. खाली जुना चुना निघाला, चौघी तुटून पडल्या. आणि शनवारी सकाळी तांबडीनं घातलं, म्या चमच्यानं वाजवलं, टक. अजून टक. मन भरंना.

ते अंडं घेऊन सुनंकडं गेलो. तिनं अंडं बघितलं, मग माझ्या नखातला पिस्ता बघितला, मग बाहीर जाऊन भित बघितली. मग म्हणाली, "मामा, कोंबड्यांस्नी हात लावत न्हाय. पर उद्या पावणं जाईपातूर तुमी तिथनं उठायचं न्हाय."

तर आयतवारभर म्या त्या खरडल्याल्या भितीला पाठ लावून बाजंवर बसलो. पावणं वाकून पाया पडली, म्या बसून. सुपारी फुटली, म्या बसून. नव्या याहीनं इचारलं, "तात्या, पंगतीला येत न्हाईसा?" सून म्हणती, "गुडघं धरल्यात त्यांचं." आणि बाजारच्या कोंबडीचा रस्सा मला तिथंच, वाटीतनं.

आता तुमास्नी एक सांगतो, हे कुणाला सांगू नगासा. ती बाज म्हंजे माझी जागा, आणि तांबडी रोज दुपारी तिच्याखाली येऊन बसायची. म्या गावभर सांगायचो, मुकं जनावर, पर जीव लावलाय माझ्यावर. म्हटलं बघूया तर. काल बाज उचलली आणि पार तिकडं आंब्याखाली टाकली. पडलो. वाट बघितली. च्या झाला, ऊन उतरलं, याक कोंबडी आली न्हाय. चौघीबी भितीपाशी, चुना टोचत.

सांच्याला बाज परत भितीला लावली. काय करणार ओ... भित तर आता आंब्याखाली येणार न्हाय.