सणाला नेलेला कोयता

माझं माहेर शिरूरचं, घोडनदीचं म्हणा. आम्ही ख्रिस्ती माणसं, बाप चर्चची घंटा वाजवायचा, घरात भाकर नसली तरी आधी हात जोडायचा, म्हणायचा रूथ, आपल्या बळावर उड्या मारू नगं, देवाच्या हवाली कर. मला तवा लई राग यायचा त्याचा, भूक लागलेली आन् ह्याचं आपलं हवाली कर.

मला भांडगावकडं दिली. नवरा दौंडला रेल्वेत गँगमन होता, काविळीनं गेला. माझ्याजवळ राह्यली थोडी शेवंती आन् विहिरीची पाळी. विहीर दोघा भावांची, एक आठवडा त्यांचं पाणी, एक आठवडा आमचं. नवऱ्याला माती देऊन आलो आन् धाकला दीर सामुएल म्हणला, वहिनी, बाईमाणसाला कशाला पाळी, आन् माझा पाईपच उपटून टाकला मुडद्यानं. काय सांगू तुम्हाला, दसरा तोंडावर आन् शेवंती कळीतच करपली. बांधापल्याड त्याचं वावर पिवळंधमक.

उचलला कोयता. त्याच्या मोटरची केबलच तोडायची म्हणून गेले. वाकले आन् तिथंच गुडघ्यावर पडले, असं रडू फुटलं. म्हणलं देवा, मी तोडली तर तो उद्या नवी आणंल. तू तोड, म्हंजी मुळासकट तुटंल.

आमच्यात कापणीचा सण असतो. ज्यानं त्यानं आपल्या रानातलं देवाम्होरं ठेवायचं, मागनं त्याचा लिलाव होतो. दौंडच्या चर्चमध्ये लोकांनी भोपळे आणले, मेथी आणली, दिरानं शेवंतीची पाटी आणली. मी पदराखालनं कोयता काढला आन् त्याच्या फुलांवर ठेवला. पाळक म्हणले, रूथबाई, हे काय? म्हणलं साहेब, औंदा माझ्या रानात एवढंच आलं. दिराचं तोंड पांढरंफटक पडलं. लिलावात कोयत्याला कोण बोली लावतंय! पाळकांनी तो आतल्या खोलीत खुट्टीला टांगला, दार उघडं असलं की बाकावरनं दिसतो.

मग देवानं लई वाट बघायला लावली. दिराचं पीक जोरात आन् मी दुसऱ्याच्या रानात खुरपायला. रोज भांडायचे देवासंग, का रं बाबा, झोपला का तू? पण कोयता काय परत मागितला न्हाई.

आन् गेल्या पावसात विहीर ढासळली. मोटर, पाईप, सगळं गाडलं. पाण्यावाचून त्याची शेवंतीबी माझ्या शेवंतीवाणी कळीत करपली. मी बांधावर बसून बघितली, खोटं कशाला सांगू, पोटभर बघितली.

मग आला दारात. म्हणला वहिनी, चुकलो, माफ करा, विहीर परत काढू, तुमची पाळी तुम्हाला. आमच्यात चर्चमध्ये प्रभुभोजनाला द्राक्षरसाचा प्याला फिरतो, मनात वैर ठेवून तो घेत न्हाईत, म्हणून मी इतकी वर्सं घेतला न्हाई. आता त्यालाबी घेववत न्हाई. प्याला म्होरं येतो, तो माझ्याकडं बघतो, मी खुट्टीकडं बघते.

म्हणलं, भाऊजी, माझ्याकडं काय मागता? माझ्या हातात ठेवलं असतं, तर तुमचं रडकं तोंड बघून कवाच माफ केलं असतं. पण मी समदं देवाच्या हवाली केलंय, आन् दिलेलं माघारी घ्यायची आमच्यात रीत न्हाई.

चहा घ्या, गार झाला. देव तुमचं भलं करो. दिराचंबी करायचं असंल तर करंल, मी मधी पडणार न्हाई.